गोळीला एकटी जाऊ दे

आई पौषात गेली. सकाळी पाणी भरताना छातीत दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. आजारी तर बाबा होते. घरातल्या सगळ्या काळज्या, सगळ्या औषधांच्या वेळा बाबांच्या होत्या. आईच्या नावावर एक साधं डोकेदुखीचं मलमसुद्धा नव्हतं.

आमच्याकडे मयताच्या घरात पहिले काही दिवस चूल पेटवत नाहीत. शेजारचे आणि नातेवाईक जेवण आणतात. पेणच्या आमच्या आळीत ही रीत अजून नीट पाळतात. पहिल्या दुपारी पिठलं-भात आला, रात्री दुसऱ्या घरून पुन्हा पिठलं-भात. मग कोणी मुगाची खिचडी आणली, कोणी डाळ-भात, कोणी घट्ट वरण. डबे गरम असायचे. आणणारी बाई दारातच म्हणायची, "गरम आहे तोवर दोन घास खाऊन घ्या." आणि आम्ही घ्यायचो. दुःखात भूक लागत नाही असं म्हणतात, पण गरम पिठल्याचा वास आला की हात आपोआप ताटाकडे जातो.

बाबा ओटीवरच्या खुर्चीत बसून होते. त्यांना पार्किन्सन्स आहे. सहा-सात वर्षांपूर्वी उजव्या हाताची बोटं थरथरू लागली, मग सही बारीक होत गेली, मग पाऊल जमिनीला चिकटू लागलं. बाबा मिठागरावर मुकादम होते. खाडीकाठच्या वीतभर रुंद बांधावरून ते दोन्ही हात मागे बांधून रमतगमत चालायचे. तो माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकायला लागला. पनवेलच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि एक पिवळी गोळी सुरू केली. लेवोडोपा हे तिचं औषधाचं नाव. मेंदूत जो रस आटत चाललेला असतो तो या गोळीतून भरून निघतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पंधरवड्यात बाबा पुन्हा बाजारात जाऊ लागले. ही गोळी आजार बरा करत नाही. ती माणसाला काही तासांपुरतं परत आणते, मग पुढची गोळी. कधी तिचा जोर जास्त झाला तर बाबांचं अंग बसल्या जागी नांगरलेल्या होडीसारखं हलायचं. आई म्हणायची, "आज गोळी नाचायला लागलीय." आणि बाबा म्हणायचे, "नाचते हाय तोवर बरं."

आई गेल्यापासून गोळी नाचेनाशी झाली. बाबा खुर्चीतून उठेनात. दहाव्याला त्यांना घाटावर न्यायचं तर चार जणांनी खुर्चीसकट उचललं. चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता, त्यावर रडूही उमटत नव्हतं. आलेगेले म्हणत, धसका घेतलाय, जोडीदार गेला की माणूस असाच बसतो. मला ते पटत होतं, कारण माझी अवस्था काही वेगळी नव्हती. मी रोह्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. माझं सगळं आयुष्य वाचण्यात गेलं, पण त्या दिवसांत पुस्तक उघडलं की एकाच पानावर तास जायचा. माझ्या मनाचं जे झालंय तेच बाबांच्या शरीराचं झालंय, असंच मला वाटत होतं.

गोळ्या मी देत होते. दिवसातून चार वेळा, आईच्या स्टीलच्या डब्यातून, खाणं झालं की पाण्याबरोबर. आपल्याकडे गोळी म्हटली की ती जेवल्यावर घ्यायची. रिकाम्या पोटी औषध घेतलं तर पित्त होतं, हे कोणी शिकवावं लागत नाही. घरात कोणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही.

तेरावं झालं आणि मी बाबांना रोह्याला माझ्या घरी आणलं. माझे यजमान धाटावच्या कंपनीत आहेत, कधी पहिली शिफ्ट, कधी तिसरी. मी रजा वाढवली. दोन आठवडे गेले तरी बाबांच्यात फरक नव्हता. तेव्हा माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. बाबांना खाटेवरून खुर्चीत बसवायला आम्ही दोघं लागलो. मग तो मला घेऊन गॅलरीत गेला.

"ताई, तू अशी किती दिवस रजा काढणार?"

"मिळेल तितके दिवस."

"आणि भावोजींची रात्रपाळी असली की? एकटीनं उठवणारेस त्यांना?" त्यानं कठड्याला हात टेकले. "पुण्याजवळ एक देखभाल केंद्र आहे. मी बघून आलो. स्वच्छ आहे, चोवीस तास नर्स आहेत."

"बाबांना विचारलंस?"

"बाबा बोलतात कुठे?"

तेव्हा आतून आवाज आला. बाबांचा आवाज या आजारानं अगदी खाली गेला आहे, कान देऊन ऐकावा लागतो. ते म्हणाले, "मला माझ्या घरी सोडा."

भाऊ आत गेला, त्यांच्या पायाशी बसला. "बाबा, तिकडे कोण आहे आता?"

 बाबा भिंतीकडे बघत राहिले. भाऊ वाईट नाही. गॅलरीत परत येताना त्याचेच डोळे भरलेले होते. शेवटी आमचं असं ठरलं, की माघ संपताना पनवेलच्या डॉक्टरांची वेळ घेतलेलीच आहे, तोवर थांबायचं. आजार पुढे गेलाय असं डॉक्टर म्हणाले, तर बाबांना केंद्रात न्यायचं. मी हो म्हटलं. पेणचं घर बंद पडणार हे त्या 'हो'मध्येच होतं, आणि ते बाबांनी ऐकलं होतं.

बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, निडीला मुलाकडे राहते. रोह्याच्या अलीकडचंच स्टेशन. दिवसाआड ती गाडीनं यायची. चप्पल काढण्याआधी तिचं बोलणं सुरू व्हायचं.

"काय गो बाय, माझ्या भावाला खायला घालतेस का नाय? हाडं वर आली."

"खातात तेवढं घालते, आत्या."

"तू पुस्तकात बघून सैपाक करणारी. दादा, इकडं बघ. बिरडं आणलंय."

कडव्या वालाचं बिरडं म्हणजे आमच्याकडच्या माणसाचा जीव. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलायचा. साल हातात राहते आणि दाणा टुणकन बाहेर पडतो. घरात चार माणसांचं बिरडं सोलायचं म्हणजे बैठकच मारावी लागते. आत्या सगळं करून आणायची. सोलून, फोडणी देऊन, नारळाचा रस घालून. "पोरीला काय काम ठेवलं नाय," असं म्हणत ती डबा उघडायची. बाबा त्या दिवसांत मनापासून खात ते तेवढंच. ती घास भरवायची, वर मी गोळी द्यायचे, आणि दुपारभर बाबा लाकडासारखे बसायचे.

"एकाच्या जागी दोन दे ना," आत्या एकदा म्हणाली. "एक पोचत नसंल."

"आपल्या मनानं वाढवायची नाही आत्या. आणि बंदही करायची नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"मग ती नुसतीच गिळायला देतेस?"

मला राग आला, मी तिचा डबा घासायला घेतला.

संकष्टी आली. पेणच्या माणसाला गणपती काय, मूर्तींच्या कारखान्यांमुळे आळीतून चालताना चुकवत चुकवत जावं लागतं इतके असतात, पण बाबांची चतुर्थी मात्र नेमाची. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून ते म्हणाले, "आज उपास धरतो."

"बाबा, औषध चालू आहे तुमचं."

"गोळीला उपास नाय. मला हाय."

पुष्कळ दिवसांनी ते असं काही बोलले होते, म्हणून मी नाही म्हटलं नाही. सकाळची गोळी नुसत्या पाण्याबरोबर दिली. मग कोरा चहा, उशिरा एक उकडलेलं रताळं. मी मोरीत भांडी घासत होते. मागून पावलं वाजली. मला वाटलं यजमान लवकर आले. वळून बघितलं तर दारात बाबा. एका हातानं चौकट धरलेली, पण पाय स्वतःचे.

"पेपर कुठं ठेवलास?" त्यांनी विचारलं.

मी पेपर दिला. माझे हात फेसानं भरलेले होते, पेपर ओला झाला. ते तो तसाच घेऊन गेले. दुपारी ते गॅलरीतून कुंडलिका नदीच्या बाजूला उडणारे बगळे बघत उभे राहिले. मी भावाला फोन करायला घेतला आणि ठेवला. एका दिवसावर कोणाला आशा द्यायची हिंमत झाली नाही.

चंद्रोदयाला आम्ही जेवायला बसलो. वरण-भात, मोदक, आणि आत्यानं आदल्या दिवशी आणलेलं बिरडं. सवयीनं मी जेवणावर गोळी दिली. तासाभरानं झोपायला जाताना बाबा खोलीच्या उंबऱ्याशी थबकले ते थबकलेच. पाय जमिनीत रोवल्यासारखे. यजमानांनी आणि मी त्यांना आत नेलं. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तेच.

आत्या म्हणाली, "गणपतीनं दिवसभर चालवला, आणि जेवताना बघून सोडून दिला."

ती हसली, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ग्रंथालयात एखादं पुस्तक जागेवर सापडलं नाही, की मी स्वतःला विचारते, त्या दिवशी आणखी काय हललं होतं. संकष्टीच्या दिवशी गोळी तीच होती, पाणी तेच होतं, बाबांचं दुःख तेच होतं. हललं होतं ते फक्त जेवण. पण जेवणानं माणूस चालायचा थांबतो, हे मला कळेना. उलट अंगात जोर यावा म्हणून आम्ही डाळ-उसळ वाढवतच होतो.

त्याच आठवड्यात आत्या एका सकाळी आली, पण हातात डबा नव्हता. ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"आज नाय झालं सोलून. सुनेनं गॅस अडवला. तिच्या मावशीकडचे येणार म्हणे. मावशीकडच्यांना काय पोटं हायत, आमाला नाय?" असं म्हणत तिनं मोड आलेले वाल कोमट पाण्यात ओतले आणि परात माझ्याकडे सरकवली. "बस आता. पुस्तकातलं नाय हे."

मी बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि सोलायला लागले. माझे दाणे तुटत होते. आत्या तोंडसुख घेत होती. बाबा परातीकडे बघत होते. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, थरथरता.

"गोळी?"

"जेवण व्हायचंय बाबा."

"वाल घेतलेस ना सोलायला," ते म्हणाले. "मग गोळी."

मी उठले आणि गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. ठेवता ठेवता मला आमची पेणची ओटी दिसली. आई अशीच खाली बसलेली, पुढ्यात परात. बाबा खुर्चीत. बसायच्या आधी ती त्यांच्या हातावर गोळी ठेवायची आणि पाण्याचा तांब्या द्यायची. तेवढ्यात शेजारीण बशीभर कांदेपोहे किंवा चण्याची उसळ घेऊन आली, तर आई ती बशी बाजूला झाकून ठेवायची. म्हणायची, "गोळीला एकटी जाऊ दे." बाबा म्हणायचे, "मला म्हणतेस एकटा कुठं जाऊ नको, आणि गोळीला एकटीला धाडतेस?" शेजारीण हसायची. आम्ही सगळेच हसायचो. तो आमच्या घरातला रोजचा विनोद होता. मी सुट्टीला गेले की तो ऐकायचे आणि विसरायचे.

आई सोलत बसायची. बाबा बघत बसायचे. परात अर्धी व्हायला आली की बाबा वाकून एक दाणा उचलायचे. कधी तो बोटांतून निसटायचा. मग थोड्या वेळानं दुसरा घ्यायचे. एकदा का दाणा सालीतून नीट सुटला, की म्हणायचे, "पोचली." मग आई परात उचलून आत जायची आणि कढई चढवायची. शिजायला आणखी वेळ, मग जेवण. अशा रीतीनं गोळी आणि जेवण यांच्यात ती नेहमी एक काम ठेवायची. दुपारी तांदूळ निवडणं, संध्याकाळी वाल. सकाळी तर ती गोळी देऊन नळावर पाणी भरायला जायची आणि आल्यावर नाश्त्याला लागायची.

आई गेल्यावर आमच्या घरी डबे तयार येत होते. शिजवायचं नव्हतं, निवडायचं नव्हतं, सोलायचं नव्हतं. आळीनं आणि आत्यानं मायेनं आमचं सगळं काम काढून घेतलं होतं, आणि त्या कामाबरोबर बाबांच्या गोळीला लागणारा वेळही निघून गेला होता.

मी आत्याला म्हटलं, "आज घाई नको करू."

"घाई तू करतेस? तुझ्या गतीनं हे बिरडं होळीला शिजंल."

पाऊण तास गेला असेल. मी मान खाली घालून सोलत होते. वर बघायचं धाडस होत नव्हतं. मग माझ्या परातीत एक हात आला. बोटं अजून थरथरत होती, पण मोठी लाट ओसरल्यावर पाणी हलतं तशी. त्यांनी दाणा चिमटीत धरला, दाबला. तो उडून आत्याच्या लुगड्यावर पडला.

"पोचली," बाबा म्हणाले.

आत्यानं दाणा उचलून परातीत टाकला. "काय पोचली?" तिनं विचारलं.  आई गेल्यापासून मी नीट रडले नव्हते. तिथेच, हातात वालाची सालं घेऊन, मी रडले. बाबा म्हणाले, "रडू दे तिला," आणि दुसरा दाणा घेतला.

"तुम्हाला माहीत होतं का बाबा, जेवणाआधी घ्यायची ते?" मी नंतर विचारलं.

"मी कधी विचारलं नाय. ती द्यायची, मी घ्यायचो."

माघाच्या शेवटी आम्ही पनवेलला गेलो. भाऊ पुण्याहून परस्पर आला होता. डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. आम्ही सकाळची गोळी नुसत्या पाण्याबरोबर देऊन निघालो होतो. भावानं विचारलं, "आजार पुढे गेलाय का?"

"थोडा. जितका जायचा तितका," डॉक्टर म्हणाले. "मधले दिवस एवढे वाईट का गेले ते आधी सांगा."

मी सगळं सांगितलं. पिठलं-भात, बिरडं, संकष्टी. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी समजावलं. डाळी, वाल, मासे, अंडी, दूध यांतली प्रथिनं पचली की त्यांचे जे बारीक कण होतात, ते आणि ही गोळी आतड्यातून रक्तात जाताना एकाच दारानं जातात. पुढे मेंदूत शिरतानाही तसंच. दाराशी गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. सगळ्याच रुग्णांना याचा एवढा त्रास होतो असं नाही, पण काहींना होतो, आणि बाबांना होतो.

"मग डाळ-उसळ बंद करायची?" भावानं विचारलं.

"मुळीच नाही, अशक्तपणा येईल. गोळी आधी, जेवण अर्ध्या-पाऊण तासानं. दिवसा भात-भाकरी-भाजी, आणि वाल-मासे रात्रीच्या जेवणात. रात्री थोडं जड झालं तर चालतं, झोपायचंच असतं. मळमळलं तर गोळीबरोबर भाताची पेज द्या." मग त्यांनी दाराकडे बघितलं. "तुमच्या आई आल्या नाहीत?"

भावानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"त्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "नंतर दर वेळी विचारायचो, जेवणाआधी देता ना? तर त्या म्हणायच्या, बिरडं सोलायला बसते तेव्हा देते. मी कोकणातला नाही. मला वाटायचं, बाई विषय बदलतायत."

बाबा हसले. चेहरा फारसा हलला नाही, पण खांदे हलले. मला कळलं, भावालाही कळलं.

"गोळी कधीतरी वाढवावी लागेल," डॉक्टर चिठ्ठी लिहिताना म्हणाले. "आज नाही."

बाहेर आल्यावर भाऊ गाडीला टेकून उभा राहिला. "ताई, तरी बाबा पेणला एकटे कसे राहतील?" हा प्रश्न खरा होता. गोळी कितीही वेळेवर दिली तरी ती द्यायला माणूस लागतं. तो प्रश्न आम्ही रोह्याला परतल्यावर आत्यानं सोडवला, आणि आम्ही तिला विचारलंही नव्हतं.

"मी जाते दादाकडं," ती म्हणाली. "सुनेला माझा आवाज नको झालाय. दादाला चालंल. त्याचा स्वतःचा बंदच पडलाय."

"आत्या, गोळीच्या वेळा सांभाळायच्या आहेत. जेवणाआधी, आणि मग थांबायचं."

"थांबीन की. पण मला सांग, वाल सोलून ठेवू का नको? माझा नवरा गेला बिचारा, त्याला पण एवढे नखरे नव्हते."

फाल्गुन लागला आणि एका शनिवारी भाऊ गाडी घेऊन रोह्याला आला. आत्या सकाळच्या गाडीनं पुढे गेली होती, घर झाडून ठेवायला. भाऊ अजून पूर्ण राजी नव्हता. वाटेत तो म्हणाला, "महिनाभर बघू. नाही जमलं तर केंद्राचं नक्की करायचं, ताई." बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी खिडकीची काच खाली केली, एवढंच. नागोठण्याला चहाला थांबलो. भावानं वडे सांगितले.

"बाबा, घ्या एक, गरम आहेत."

बाबांनी माझ्याकडे हात केला. मी गोळी दिली, पाणी दिलं. ते भावाला म्हणाले, "तू खा. मी गोळीला सोबत देणार नाय." भावानं वडा अर्धवट ठेवला. आईचं वाक्य त्यालाही ओळखू आलं होतं.

पेणला आमच्या आळीच्या तोंडाशीच गाडी अडली. कारखान्यांपुढे गणपतीच्या मूर्ती वाळत घातल्या होत्या. पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या, दोन्ही बाजूंना रांगेनं, आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट. कारखान्यातला एकजण धावत आला. "काका, पाच मिनिटं थांबा, बाजूला घेतो."

"नको," बाबा म्हणाले. "ओल्या हायत. हात लावू नको."

ते गाडीतून उतरले. मी मनात घाबरले होते, कारण अरुंद जागा आली की त्यांचे पाय अडतात, आणि ती वाट अरुंदच होती. भाऊ त्यांच्या मागे होता. तो काय बघतोय हे मला माहीत होतं, आणि बाबांनाही. अर्धी वाट नीट गेली. मग एका मोठ्या मूर्तीची सोंड वाटेवर आलेली होती, तिथे बाबा थबकले. पाय थरथरले, पण उचलेनात. भावानं त्यांचा दंड धरला.

"ओढू नको रे," समोरून आवाज आला. आत्या आमच्या ओटीवर उभी होती, पदर खोचून. "तो काय हातगाडी हाय?"

भावानं हात सोडला. बाबांनी खाली बघितलं. मूर्तीखालचं गोणपाट वाटेत थोडं पसरलं होतं, त्याची कड आडवी आली होती. मिठागरावर एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना बांध ओलांडायचे, तसं त्यांनी पाऊल उचललं आणि त्या कडेच्या पलीकडे टाकलं. मग दुसरं. मग ते चालत घरापर्यंत गेले आणि ओटीची पायरी चढून आपल्या खुर्चीत बसले. भाऊ तिथेच, मूर्तींच्या मध्ये, थोडा वेळ उभा राहिला. मग डिकीतून बाबांची पिशवी घेऊन आला. केंद्राचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही, आणि नंतरही नाही.

संध्याकाळी आत्यानं आईची परात बाहेर आणून ठेवली. मोड आलेले वाल, कोमट पाणी. मी बाबांच्या हातावर गोळी ठेवली. मग आम्ही बसलो. आईच्या जागेवर कोणी बसलं नाही. आत्या त्या जागेच्या डाव्या हाताला बसली, मी उजव्या, भाऊ उंबऱ्यात. मध्ये थोडी जागा राहिली ती तशीच राहू दिली.

वाट बघण्याचा तो वेळ मला पूर्वी रिकामा वाटला असता. आता मला कळतं, की आई इतकी वर्षं रोज तिथे बसत होती. ती फार बोलायची नाही. मला वाटायचं, कामात आहे. ती बाबांची वाट बघत होती, ते परत येईपर्यंत.

भाऊ दाणे चिरडत होता. "दाबू नको, नुसता सोड," आत्या त्याला सांगत होती. "पुण्याला हात बिघडला तुझा." समोरच्या कारखान्यात कोणीतरी मूर्तींवर प्लॅस्टिक ओढत होतं. बाबा परातीकडे बघत होते. त्यांनी एक दाणा घेतला, तो निसटला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायचं टाळत सोलत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा घेतला.

साल त्यांच्या बोटांत राहिली आणि दाणा परातीत पडला.

"पोचली," ते म्हणाले.

आत्यानं परात उचलली आणि आत जाऊन कढई चढवली.